विसार पावतीवरचा नवा सावकार



पऱ्हाट्या उपटून झाल्या, कडब्याची गंज लागली, सोसायटीची नोटीस दारात आली, की गावात एक पांढरी गाडी येते. गाडीतला माणूस परका नसतो. आपल्याच तालुक्यातला, कधी आपल्याच भावकीतला असतो. रामराम करतो, चहा घेतो, पावसापाण्याचे विचारतो आणि उठता उठता म्हणतो, "दादा, रस्त्याकडचं ते तीन एकर द्यायचं का? पार्टी तयार आहे."

पार्टी तयार नसते. ती त्याला अजून शोधायची असते. तयार असते ती त्याच्या खिशातली विसार पावती. कमी असते ती तुमची सही.

आम्ही शेतकीची पदवी घेतली. ज्वारीला नत्र किती, कपाशीवरची बोंडअळी कशी ओळखायची, ताली कशा घालायच्या, हे सांगत गावोगाव हिंडलो. जमीन कशी राखावी हे आम्हांला शिकवले गेले. ती विकताना शेतकऱ्याचे काय होते, हे कोणत्याही वर्गात शिकवले नाही. ते आम्ही दुय्यम निबंधक कार्यालयाच्या बाहेर, चहाच्या टपरीवर उभे राहून शिकलो. तेच आज सांगायचे आहे.

शून्य भांडवलाचा धंदा

या धंद्याचे आता वर्गही भरतात. पैसा न घालता जमिनीच्या व्यवहारात कसे उतरायचे, हे नवशिक्या पोरांना फी घेऊन शिकवतात. अमेरिकेत याला 'होलसेलिंग' म्हणतात. तिथे तो घरांचा चालतो, इथे जमिनीचा चालतो. रीत एकच. अडचणीतला मालक हुडकायचा. थोडा विसार देऊन भाव बांधून घ्यायचा. मुदत होईल तेवढी लांब ठेवायची. त्या मुदतीत चढ्या भावाचे गिऱ्हाईक शोधायचे. मग मालकाकडून परस्पर त्या गिऱ्हाइकाच्या नावे खरेदीखत करून घ्यायचे आणि मधला फरक खिशात घालायचा. जमीन एक दिवससुद्धा आपल्या नावावर आणायची नाही.

याला ते शून्य भांडवलाचा धंदा म्हणतात. हे खोटे आहे. भांडवल असतेच. ते तुमचे असते.

पाथर्डी तालुक्यातल्या एका गावचा व्यवहार आम्ही जवळून पाहिला. महामार्गाच्या कडेचे तीन एकर जिरायत. मधल्याने एकरी १२ लाख सांगितले, १ लाख विसार दिला आणि अकरा महिन्यांची मुदत घातली. शेतकरी खूश. बापजाद्यांनी एवढा आकडा ऐकला नव्हता. दहाव्या महिन्यात पुण्याची पार्टी आली. खरेदीखत झाले. शेतकऱ्याला ठरल्याप्रमाणे ३६ लाख मिळाले, एक रुपया कमी नाही. मग टपरीवर पार्टीचा ड्रायव्हर सहज बोलून गेला, "साहेबांनी एकोणीसनं घेतली."

एकोणीस त्रिक सत्तावन्न. सत्तावन्नातून छत्तीस गेले, राहिले २१ लाख. ते एक लाखाच्या विसारावर दहा महिन्यांत मधल्याने कमावले.

हे २१ लाख म्हणजे किती, ते आपल्या मापात मोजू. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. त्या भावाने २१ लाख म्हणजे सुमारे २५९ क्विंटल कापूस. जिरायतात एकरी पाच क्विंटल धरा. तीन एकरांत वर्षाला पंधरा. म्हणजे सतरा वर्षांचा सगळा कापूस. त्यातून बियाणे, खत, फवारणी, वेचणी अजून वजा केलेली नाही. सतरा वर्षे राबून जे घरात यायचे, ते एका सहीत दुसऱ्याच्या घरी गेले.

आणि चोरी झाली म्हणावी, तर कोणी केली नाही. सही शेतकऱ्याची, राजीखुशीची.

सगळी मेख एका ओळीत

ती पावती आम्ही मागून घेऊन वाचली. चार पानी साठेखत होते. साडेतीन पाने तुमच्याआमच्या परिचयाची: गट नंबर, चतुःसीमा, आकार. मेख एका ओळीत होती: "आपण सांगाल त्या इसमाचे नावे खरेदीखत करून देऊ."

ही ओळ म्हणजे हा सगळा धंदा. ही ओळ नसेल तर मधल्याला पुरे पैसे मोजून स्वतः जमीन घ्यावी लागते. ती असेल तर एक लाखात तो छत्तीस लाखांच्या जमिनीचा कारभारी होतो.

कायदा काय म्हणतो तेही नीट समजून घ्या. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे नुसत्या साठेखताने जमिनीत हक्क निर्माण होत नाही. मालक तुम्हीच राहता. कुलमुखत्यारपत्रानेही मालकी जात नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सूरज लॅम्प खटल्यात स्पष्ट सांगितले आहे. मग भिती कशाची?

भिती दाव्याची. तुम्ही ठरलेले खरेदीखत करून दिले नाही, तर मधला कोर्टात जातो. पूर्वी असे खरेदीखत करून द्यायला लावायचे की नाही, हे बरेचसे न्यायाधीशाच्या विवेकावर होते. २०१८ मध्ये विशिष्ट अनुतोष कायदा बदलला आणि तो विवेक मोठ्या प्रमाणात काढून घेतला. आता करार सिद्ध झाला, घेणारा पैसे द्यायला तयार होता हेही सिद्ध झाले, तर खरेदीखत करून द्या असाच हुकूम होतो. नोंदणी न केलेली साधी पावतीसुद्धा अशा दाव्यात पुरावा म्हणून पुढे करता येते. म्हणजे "साधा तर कागद आहे, त्याला काय होतंय" हे आता विसरायला हवे.

मुदतीचेही तसेच. कराराला तारीख असेल तर तिच्यापासून तीन वर्षांत दावा लावावा लागतो. तारीखच घातली नसेल, तर तुम्ही नकार दिल्याचे त्याला कळल्यापासून ही तीन वर्षे मोजतात. तारखेची जागा कोरी सोडलेली पावती म्हणजे दावणीला बांधलेला बैल. दावे दुसऱ्याच्या हातात, वैरण मात्र तुमची.

कायदे कोणासाठी?

आपल्या मालकीवर कायद्यांचा किती पहारा आहे बघा. १९६१ च्या कमाल जमीन धारणा कायद्याने जिरायत शेतकऱ्याला ५४ एकरांच्या वर जमीन ठेवता येत नाही. मधला शंभर एकरांची साठेखते कपाटात ठेवतो. त्याला कमाल मर्यादा लागत नाही, कारण कागदोपत्री तो धारक नाहीच.

१९६३ च्या बाजार समिती कायद्याने दोन पोती ज्वारी विकायची, तरी आडत्याला परवाना, मापाला तोलारी, हातात हिशेबपट्टी. त्या आवारात शेतकरी कसा लुटला गेला हे आम्ही वेगळे सांगायला नको. पण तिथे निदान शेजारच्या पोत्याला काय भाव निघाला हे कानावर पडते. दोन एकर रान विकताना ना आवार, ना लिलाव, ना पट्टी. भाव फक्त एका माणसाला माहीत, आणि तो तुमच्या ओसरीवर बसून चहा पीत असतो.

शहरातल्या गिऱ्हाइकासाठी २०१६ मध्ये रेरा कायदा आला. पाचशे चौरस मीटरवरचा किंवा आठांहून जास्त घरांचा प्रकल्प नोंदवल्याशिवाय विकता येत नाही. त्यातले प्लॉट विकणाऱ्या एजंटालाही नोंदणी करावी लागते. उद्या तुमच्या त्या तीन एकरांवर प्लॉट पडले, तर घेणाऱ्याच्या पाठीशी हा कायदा उभा राहील. आज तेच तीन एकर देणारा जो शेतकरी, त्याला साठेखत लिहून घेणाऱ्यापासून या कायद्यात आडोसा नाही. प्लॉट घेणारा ग्राहक, त्याला संरक्षण. रान देणारा शेतकरी, त्याला विसार पावती.

जमीन विकू नका, असे आम्ही म्हणत नाही

इथे काही सज्जन पुढे येतील. ते म्हणतील, काळी आई विकू नका, जमीन विकणारा करंटा. या सज्जनांचे पगार एक तारखेला होतात. त्यांना विचारा, २०२५ च्या सप्टेंबरात शेवगाव-पाथर्डीच्या कपाशीत पाणी उभे राहिले, बोंडे झाडावर सडली, तेव्हा मुलीची फी कशातून भरायची होती? त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दिल्लीने कापसावरचा ११ टक्के आयात कर उठवला आणि नव्या कापसाच्या तोंडावर परदेशी गाठींना दार उघडले. तेव्हा हे सज्जन कुठे होते? मालदांडी ज्वारीला २०२५-२६ चा हमीभाव ३,७४९ रुपये कागदावर आणि खरेदीदाराचा पत्ता नाही, अशा गावात पांढरी गाडी येते तेव्हा ती आगंतुक नसते. तिला वाट करून दिलेली असते.

शेती तोट्यात ठेवायची, कर्जात बुडवायची आणि मग जमीन विकली म्हणून शेतकऱ्याला दूषण द्यायचे, हा ढोंगीपणा आम्हांला मान्य नाही. ज्याला विकायची आहे त्याने विकावी. पोराला दुकान टाकून द्यावे, विहीर बांधावी, देणे फेडून मोकळे व्हावे. जमीन त्याची आहे. आमचे म्हणणे एवढेच: विकायचीच, तर जमिनीचा भाव जमिनीच्या मालकाला मिळाला पाहिजे. मधल्याला मेहनतीची दलाली द्या, दोन टक्के ठरवा, उघड ठरवा, लिहून द्या. दलाली देणे वेगळे आणि आपल्याच जमिनीचा भाव आपल्यापासून लपवू देणे वेगळे.

नगर जिल्ह्यात हा प्रश्न वाढतच जाणार आहे. काकडीला २०१७ मध्ये विमानतळ झाला. समृद्धी महामार्ग कोपरगाव तालुक्यातून गेला आणि २०२५ मध्ये मुंबईपर्यंत पूर्ण खुला झाला. पारनेरात सुप्याची औद्योगिक वसाहत पसरली. सुरत-चेन्नई महामार्गाची नुसती आखणी ऐकून कित्येक गावांत विसार फिरले. रस्ता कागदावर आला की भाव वाढतो. वाढलेला भाव ज्याला आधी कळतो तो आधी गाडी काढतो. आपल्याला कळते तेव्हा सही झालेली असते.

दीडशे वर्षांपूर्वीचा धडा

कागदाने लुटले जाणे आपल्या भागाला नवे नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकरी सावकारांच्या दारात उभे राहिले. ते लोण आपल्या श्रीगोंदे, पारनेर, कर्जत, नगर तालुक्यांत पोहोचले. इतिहासात त्याला दख्खनचे दंगे म्हणतात. पण त्या शेतकऱ्यांनी मागितले काय? बहुतेक ठिकाणी जीव नाही, दागिना नाही. त्यांनी कर्जरोखे आणि वह्या मागितल्या आणि चौकात जाळल्या. आपल्याला लुटते ते काय, हे त्या निरक्षर माणसांना आपल्यापेक्षा बरे कळले होते.

इंग्रज सरकारला चार वर्षांत, १८७९ मध्ये, दख्खन शेतकरी साहाय्य कायदा करावा लागला. पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या जिल्ह्यांसाठी. शेतकऱ्याचा रोखा गावच्या निबंधकापुढे लिहिला गेला पाहिजे, आणि कोर्टाने नुसता कागद न बघता त्यामागचा खरा हिशेब तपासला पाहिजे, असे त्यात होते. परक्या सरकारला जे तेव्हा सुचले, ते आपल्या सरकारला आज सुचू नये?

अमेरिकेतही या धंद्याला वेसण घालायला सुरुवात झाली आहे. इलिनॉय राज्याने २०१९ मध्ये ठरवले, की वर्षात एकापेक्षा जास्त असे व्यवहार करायचे तर दलालीचा परवाना घ्या. पेनसिल्व्हेनियाने २०२४ मध्ये कायदा करून मालकाला सही केल्यावर तीस दिवसांत करार मोडायची मुभा दिली. तिथला घरमालक शिकलेला, वकील ठेवणारा. त्याला तीस दिवस लागतात. आमच्या जिरायत शेतकऱ्याला तीस मिनिटेही मिळत नाहीत, कारण मुद्रांकवाला पाच वाजता उठतो.

पोरांनो, तुमच्याशी दोन शब्द

पांढऱ्या गाडीत बसणारी पोरे आपलीच आहेत. बी.ए. झाली, भरती झाली नाही, लग्न जमत नाही. गुंठ्याचा धंदा हा एकच दरवाजा उघडा दिसतो. तुम्हांला शिव्या देऊन आमचे पोट भरणार नाही. धंदा करा. गिऱ्हाईक आणा, मोजणी करून द्या, फेरफाराच्या खेपा घाला, आणि त्याची दलाली दोन्ही बाजूंना सांगून घ्या. ती कष्टाची कमाई आहे. पण चुलत्याला बारा सांगून पार्टीला एकोणीस सांगाल, तर तुमच्यात आणि १८७५ च्या सावकारात फरक एकच: त्याच्याकडे निदान स्वतःचा पैसा होता.

सहीच्या आधी

आता कामाचे बोलू. हे कात्रण सातबाऱ्याच्या पिशवीत ठेवा.

एक. भाव आधी स्वतः काढा. गावात झालेल्या प्रत्येक नोंदलेल्या खरेदीची नोंद दुय्यम निबंधकाकडे सूची क्रमांक दोनमध्ये असते. ती कोणालाही बघता येते. कागदावरचा भाव खऱ्यापेक्षा कमी असू शकतो, पण घेणारा कोण, कोणत्या गटात, कधी, हे कळते. शेजारच्या तीन गटांची नोंद काढल्याशिवाय आकडा तोंडातून काढू नका.

दोन. "आपण सांगाल त्या इसमाचे नावे" ही ओळ खोडा. तिच्या जागी लिहा: "या कराराचे हक्क घेणाऱ्यास दुसऱ्या कोणासही देता येणार नाहीत." कायदा अशी अट मानतो. या एका ओळीवर जो उठून जाईल, तो गिऱ्हाईक नव्हता, हे समजा.

तीन. घेणाऱ्याचा सातबारा मागा. १९४८ च्या कूळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय शेतजमीन देता येत नाही.

चार. मुदत तीन महिने. तारीख आकड्यात आणि अक्षरांत. त्या तारखेला पुरे पैसे आले नाहीत तर करार संपला, असे स्पष्ट लिहा.

पाच. विसार बँकेतून घ्या. जमिनीच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घेतली, तर २०१५ पासून आयकर कायद्याने तेवढाच दंड घेणाऱ्याला बसू शकतो. घेणारा म्हणजे तुम्ही. दोन्ही बाजूंचे उत्पन्न फक्त शेतीचे असेल तरच त्यात सूट आहे.

सहा. कुलमुखत्यारपत्र देऊ नका. पैसे घेऊन "रद्द न होणारे" मुखत्यारपत्र दिले, की ते मागे घेताना नाकी नऊ येतात. पूर्ण पैसे येईपर्यंत ताबाही देऊ नका.

सात. घरात बसून ठरवा. बायकोला, बहिणींना, भावांना कागद वाचून दाखवा. वडिलोपार्जित जमिनीत २००५ पासून मुलींचाही मुलांइतकाच हिस्सा आहे. मधला बहिणीची सही परस्पर आणतो म्हणाला, तर तिथेच थांबा.

आणि सही झालेलीच असेल, तर गप्प बसून राहू नका. तारीख उलटून गेली असेल तर वकिलामार्फत नोटीस द्या. घेणाऱ्याकडे मुदतीत पैसे तयार होते का, हा प्रश्न दाव्यात पहिला येतो. ज्याचे भांडवल शून्य, त्याला या प्रश्नाचे उत्तर जड जाते.

सभेपुढचा ठराव

परवान्याचे नाव काढले की नवे हप्तेखाऊ तयार होतात, हे आपण बाजार समितीत पाहिले. म्हणून आम्ही परवाना मागत नाही. आम्ही दोनच गोष्टी मागतो. शेतजमिनीच्या प्रत्येक साठेखतावर खऱ्या घेणाऱ्याचे नाव आणि त्याने मोजलेला पुरा भाव लिहिणे सक्तीचे करा. आणि सही केल्यापासून तीस दिवसांत विसार परत देऊन करार मोडण्याचा हक्क शेतकऱ्याला द्या.

सरकार देईल तेव्हा देईल. तोवर एक काम आपल्या हातात आहे. प्रत्येक गावात चावडीच्या भिंतीवर एक काळा फळा लावा. दर महिन्याला दोन पोरांनी तालुक्याला जाऊन सूची दोन बघायची आणि गावातल्या जमिनीचे व्यवहार खडूने त्यावर लिहायचे: गट नंबर, क्षेत्र, भाव. खर्च एसटीच्या तिकिटाचा. पांढऱ्या गाडीचा सगळा धंदा तुमच्या अज्ञानावर चालतो. फळ्यावर भाव आला की गाडीला दलालीवर यावे लागेल.

१८७५ मध्ये आपल्या पणजोबांनी कागद जाळले. आपल्याला जाळायचे नाहीत, वाचायचे आहेत. पुढच्या जिल्हा सभेला येताना प्रत्येक गावाने आपल्या फळ्याची नक्कल आणावी. ज्याच्या घरी विसार पावती आहे त्याने तीही आणावी. शरम वाटून घेऊ नका. आपण ती सर्वांसमोर मोठ्याने वाचू.